टपावर सोलर लावायचंय? पॅनेल कुणीही लावेल, वायर कोण ओढणार ते आधी ठरवा

पिकअपच्या मागे कॅम्परचा डबा बसला की थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो, आता टपावर सोलर टाकूया. मग फोनाफोनी सुरू. मुंबईत हे काम करणारी माणसं मिळत नाहीत असं बिलकुल नाही, इतकी मिळतात की डोकं फिरतं. सोसायटीच्या गच्चीवर सोलर लावणारा म्हणतो आम्ही करू, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा गाडीचा वायरमन म्हणतो दुपारी गाडी सोडा संध्याकाळी घेऊन जा, इन्व्हर्टर-बॅटरीचा दुकानदार म्हणतो आमचाच मुलगा येऊन लावून देईल, आणि डबा ज्याने बनवला तो फॅब्रिकेटर म्हणतो अहो त्यात काय आहे, चार स्क्रू आणि दोन वायरी. सगळ्यांचं उत्तर एकच, "होऊन जाईल".

होतं पण. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच चालतं, मोबाइल चार्ज होतो, लाइट लागते, फोटो निघतात. फरक पडतो तो पहिल्या पावसात, किंवा घाटात तासभर हादरे बसल्यावर, किंवा ज्या दिवशी फ्रिज, पंखा आणि मिक्सर एकदम चालू होतो त्या दिवशी. म्हणून कुणाला काम द्यायचं हे ठरवायच्या आधी हे काम नक्की आहे काय ते जरा समजून घेऊया. मी धंद्याने इलेक्ट्रिकलवाली, त्यात मावसभावाने इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घेऊन तिच्यावर डबा चढवल्यापासून घरात दुसरा विषय नाही, त्यामुळे मला बोलायला विषय आयताच मिळालाय.

तर हे एक काम नाहीये, तीन वेगळ्या कामांची मोट आहे. टपाचं काम, म्हणजे पॅनेल उडू नये आणि भोकातून पाणी येऊ नये. बॅटरीचं काम, म्हणजे कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल तशी देणारा), फ्यूज, जाड वायरी, इन्व्हर्टर. आणि गाडीचं काम, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडून डब्यातल्या बॅटरीला चार्जिंग आणणं, कंपनीच्या वायरिंगला धक्का न लावता. वर सांगितलेल्या प्रत्येक माणसाला यातलं एक काम झकास येतं, दुसरं थोडंफार येतं आणि तिसऱ्यात तो ठोकून देतो. माझं मत विचाराल तर बॅटरीचं काम ज्याला येतं त्याला मुख्य माणूस करा, बाकीचे दोघे त्याच्या हाताखाली. कारण टप गळला तर गादी भिजते, बॅटरीकडची वायर चुकली तर गाडी जळते.

आधी गच्चीवाल्या सोलरचं बघू, कारण सोलर म्हटलं की पहिला फोन त्यालाच जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, घराच्या छतावरच्या सोलरला जास्तीत जास्त ७८,००० रुपये सबसिडी, त्यामुळे असे व्हेंडर गल्लोगल्ली झालेत. चांगलं काम करतात त्यातले बरेच. पण त्यांचं सगळं शिक्षण नेट मीटरचं आहे, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला परत द्यायची, बेस्ट, अदानी, टाटा नाहीतर महावितरण यांच्या मीटरला जोडायचं, बॅटरी बहुतेक वेळा नसतेच. (आणि ती सबसिडी घरासाठी आहे, गाडीच्या टपाला एक रुपया मिळत नाही, कुणी मिळवून देतो म्हणाला तर तिथूनच नमस्कार.)

खरा घोळ व्होल्टेजचा आहे. घरावर ५४० वॉटची सहा पॅनेलं एकामागे एक जोडली की साधारण २४५ व्होल्ट होतात आणि करंट फक्त १३ अँपिअर. तीन किलोवॉटच्या वर पॉवर, पण करंट तेरा, बारीक वायरीतून आरामात जातो. आता तुमच्या डब्यात बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यावर १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला चालवला तर वायरीतून ९० अँपिअरच्या आसपास जाणार. म्हणजे पॉवर एक तृतीयांश आणि करंट सातपट. प्रेशर कमी असेल आणि तेवढंच पाणी न्यायचं असेल तर पाइप जाड लागतो, तसलाच हिशोब आहे हा. गच्चीवाल्याच्या हातात ४ स्क्वेअर एमएमच्या केबलचं बंडल असतं आणि सवयीने तो तीच सगळीकडे ओढतो. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत ती ठीकच आहे, पण कंट्रोलरपासून पुढे?

एक हिशोब करून बघा, शाळेतला ओहमचा नियम आहे, दुसरं काही नाही. वीस अँपिअर करंट, कंट्रोलरपासून बॅटरी ५ मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.८६ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बारातले पाऊण-एक व्होल्ट गेले म्हणजे सात टक्के गेले, वर कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरली कारण त्याच्या बाजूला व्होल्टेज जास्त दिसतं, आणि बॅटरी अर्धवट राहते. तीच वायर १० स्क्वेअर एमएमची घेतली तर नुकसान तीन टक्क्यांच्या आत येतं. त्याहून चांगलं म्हणजे कंट्रोलर बॅटरीच्या शेजारीच लावा आणि लांब वायर पॅनेलच्या बाजूला ठेवा, तिकडे व्होल्टेज जास्त असतं. हे ज्याला न सांगता कळतं तो तुमचा माणूस.

गच्चीवाल्याची दुसरी अडचण पॅनेलची साइझ. तो ज्या पॅनेलचा ढीग ठेवतो ती सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या जरा आत रुंद, वजन २८ किलोच्या आसपास. डबल कॅब पिकअपचा मागचा हौदाच दीड मीटरचा, कॅबवर पुढे आलेला डबा असला तरी त्यावर हवा जायची खिडकी, कॅरिअर, हे सगळं सोडून एवढी सलग जागा कुठून आणणार. तुम्हाला १०० नाहीतर २०० वॉटची छोटी पॅनेलं लागतात. ती लॅमिंग्टन रोडला मिळतात.

आता गाडीचा वायरमन. या लोकांबद्दल मला आदर आहे, खरंच. बोनेटखालून डॅशबोर्डपर्यंत वायर कशी न्यायची, कुठे रबराची ग्रोमेट टाकायची, सायलेन्सरपासून किती लांब ठेवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. १२ व्होल्ट त्यांच्या रक्तात आहे. पण त्यांची दुनिया फॉग लाइट, हॉर्न, अँप्लिफायरची. लिथियम बॅटरीला किती व्होल्टवर चार्जिंग थांबवायचं हे विचारलं तर "साहेब ती ऑटोमॅटिक असते" असं उत्तर येतं. (मी बाई असले तरी साहेबच, गॅरेजमध्ये तसंच चालतं.) ऑटोमॅटिक नसते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्टवाली बॅटरी म्हणजे आत ३.२ व्होल्टचे चार सेल, एकूण १२.८, आणि चार्जिंग साधारण १४.२ ते १४.६ च्या मध्ये, बॅटरीच्या कागदावर असेल ते. कंट्रोलरवर लेड अॅसिडचं सेटिंग राहिलं तर तो मधूनच इक्वलायझेशन म्हणून (सगळे सेल सारखे भरायला मुद्दाम जास्त चार्जिंग) व्होल्टेज १५ च्या वर नेऊ शकतो. मग बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट, धाडकन कनेक्शन तोडतो आणि तुम्ही लोणार नाहीतर हरिहरेश्वरला अंधारात बसून बॅटरी खराब निघाली म्हणून शिव्या घालता.

गॅरेजचा दुसरा लाडका उपाय म्हणजे अल्टरनेटरवरून एक जाड वायर, मध्ये एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), सरळ डब्यातल्या बॅटरीला. जुन्या गाडीत जुन्या लेड अॅसिड बॅटरीला हे चालायचं. लिथियम रिकामी असली की मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर गरम होऊन जातो. आणि बीएस सिक्स आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज कमीजास्त करत राहतो, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसलेला असतो. तिथे रिले उपयोगाचा नाही, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो, तो गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देतो. हा चार्जर महाग आहे, मान्य. तरी घ्या.

का घ्या, तर मुंबईत तुमची गाडी उभी कुठे असते ते आठवा. बिल्डिंगखाली स्टिल्टमध्ये, नाहीतर पोडियममध्ये, नाहीतर रस्त्यावर गुलमोहराखाली. तिथे ऊन किती येतं? म्हणजे महिन्यातले बहुतेक दिवस टपावरचं सोलर झोपलेलं असणार, वर कबुतरांची कृपा वेगळी. ऊन मिळणार ते ट्रिपवर. आणि ट्रिपवर तुम्ही चारपाच तास गाडी चालवणारच, घाटमाथ्यावर जा नाहीतर कोकणात उतरा. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर चार तासांत दीड हजार वॉट-तासाच्या आसपास भरतो. टपावरची ३०० वॉटची पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसभरात हजार-अकराशे देतात. बघा आता. जो माणूस फक्त पॅनेलच विकायला बघतो आणि गाडीकडून चार्जिंगचं नावच काढत नाही, त्याने तुमची गाडी कुठे उभी असते हे विचारलेलं नाही. (डब्यासकट गाडीची उंची स्टिल्टमध्ये मावते का हे मोजलंय ना? पॅनेल आणि ब्रॅकेटने अजून तीनचार इंच वाढते.)

इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानदारावर फार वेळ घालवत नाही. तो घरच्या इन्व्हर्टरची लेड अॅसिडवाली ट्युब्युलर बॅटरी गळ्यात मारतो. पन्नास किलोच्या वर वजन, आत अॅसिडचं पाणी, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य घटतं. घरात व्हरांड्यात ठीक आहे. जिथे तुम्ही झोपता आणि गॅसची शेगडी पेटवता त्या बंद डब्यात नको.

मग उरला डबा बनवणारा. मुंबईची खरी जमेची बाजू इथे आहे, कारण या शहराला व्हॅनिटी व्हॅन लागतात. फिल्मसिटीच्या बाहेर, मढच्या रस्त्याला त्यांची रांग बघितली असेल. शिवाय अॅम्ब्युलन्स, ओबी व्हॅन, फूड ट्रक. गाडीच्या सांगाड्यावर खोली उभी करायची, तिला पाणी लागू द्यायचं नाही, टपावर एसी ठेवला तरी हलला नाही पाहिजे, हे काम या फॅब्रिकेटर लोकांना पाठ आहे. टपाचं काम त्यांनाच द्या. वायरिंगच्या वेळी मात्र सावध, कारण व्हॅनिटी व्हॅन बहुतेक जनरेटरवर चालते, म्हणजे २३० व्होल्ट एसी करंट, म्हणजे घरासारखं वायरिंग, घरासारखे एमसीबी. आणि त्यांचा इलेक्ट्रिशियन तुमच्या १२ व्होल्ट डीसीवर पण तेच लावून मोकळा होतो.

एसी-डीसीचा हा फरक लोकांना कळत नाही म्हणून जरा थांबते. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना जी ठिणगी पडते ती त्या शून्याला आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी एकदा लागली की ती वेल्डिंगसारखी तशीच चालू राहू शकते, एमसीबी खाली पडलेला दिसतो आणि आत जाळ चालू. एसीचा एमसीबी डीसीला लावणं ही बारीकशी चूक नाही. डीसीचाच हवा, त्याच्यावर डीसी व्होल्टेज छापलेलं असतं. त्यातही पुष्कळ डीसी एमसीबींना प्लस-मायनसची दिशा असते, उलटा लावला तर तोही ठिणगी विझवत नाही. लोहार चाळीत दोन्ही एकाच दुकानात मिळतात, दिसायला भावंडं, उचलताना नीट वाचून उचला.

आणि फ्यूज. सगळ्या मुलाखतीत मी एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारेन, "दादा, बॅटरीचा मेन फ्यूज कुठे बसवणार?" बरोबर उत्तर आहे, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरच्या जवळ नाही, डॅशबोर्डखाली नाही. कारण फ्यूज उपकरण वाचवायला नसतोच, वायर वाचवायला असतो. बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या वायरीला कुणी वाली नाही, ती पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर लिथियम बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर लाल होते. तो तुकडा जेवढा छोटा तेवढं बरं. आणि फ्यूजची साइझ वायरीवरून ठरते, लोडपेक्षा थोडी वर आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा खाली. या प्रश्नावर जो म्हणाला "इन्व्हर्टरमध्ये असतो ना आत फ्यूज", त्याला चहा पाजा, थँक्यू म्हणा, निघा.

दुसरं काय बघायचं तर लग्ज कसे दाबतो. जाड वायरीच्या टोकाला तांब्याचा लग बसवायला हायड्रॉलिक नाहीतर लांब दांड्याचं क्रिंपिंग टूल लागतं, नागदेवी स्ट्रीटला मिळतं. पक्कडीने चेपून नाहीतर हातोडीने ठोकून नाही चालत. आणि वर नुसतं सोल्डर ओतलं तर हादऱ्याने वायर नेमकी सोल्डर जिथे संपतं तिथे तुटते. वायर पण बारीक तारांची, लवचिक, एकेरी जाड तारेची घरवाली अजिबात नको. पॅनेलचे एमसी फोर कनेक्टर दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात पण नीट भिडत नाहीत, गरम होतात, नर-मादी एकाच कंपनीचे घ्या. अशी बारीक गोष्ट माणूस स्वतःहून बोलला तर समजा त्याने हे काम आधी केलंय.

मग बॅटरीवाला मुख्य माणूस आणायचा कुठून? माझा आवडता सल्ला ऐकून लोक हसतात, पण सांगतेच. बोटींवर इलेक्ट्रिकलचं काम करणारा शोधा. ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, माझगाव, जिथे ट्रॉलर आणि लाँच दुरुस्तीला लागतात तिथे ही माणसं असतात. १२ आणि २४ व्होल्ट डीसी हेच त्यांचं रोजचं काम, बॅटरी बँक, चार्जिंग, फ्यूज सगळं. चोवीस तास हादरे, खारी हवा, पाणी, यातच त्यांचं वायरिंग टिकवायचं असतं, म्हणून कल्हई केलेली तांब्याची वायर, आत गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी, स्टेनलेसचे बोल्ट हे त्यांना शिकवावं लागत नाही. गाडी समुद्राजवळच राहणार असेल तर हे सगळं तुम्हालाही लागणारच आहे. दुसरा पर्याय मोबाइल टॉवरवर काम केलेला टेक्निशियन, तिथे ४८ व्होल्ट डीसी आणि बॅटरी असते. यांना कॅम्पर म्हणजे काय ते समजवायला अर्धा तास लागेल, पण फ्यूज कुठे लावायचा ते समजवावं लागणार नाही.

माणूस समोर बसला की पैशाचं बोलायच्या आधी त्याला एक प्रश्न येऊ द्या, "तुम्ही चालवणार काय काय?" हा प्रश्न न विचारता जो "चारशे वॉट टाकून देतो" म्हणतो तो अंदाजपंचे काम करतोय. हिशोब फार अवघड नाही. ४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उकाड्यात दिवसाला ५०० वॉट-तास धरा, छताचा पंखा रात्रभर २५०, लॅपटॉप मोबाइल २००, लाइट ५०. झाले हजार. मुंबईत वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाचएक तास पूर्ण उन्हाइतकं मिळतं, त्यातलं तीस टक्के उष्णता, धूळ, आडवं पॅनेल यात जातं असं समजा. पॅनेलवर लिहिलेले वॉट २५ डिग्रीचे असतात, मे महिन्यात टपावर पॅनेल साठच्या वर तापतं आणि दर डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के घटतं. म्हणजे हजार भागिले साडेतीन, तीनशे वॉटचं पॅनेल. पावसाळ्यात निम्म्यावर येणार हे धरून चाला. बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम १२८० वॉट-तास देते, म्हणजे एक दिवस, ढग असले तर दुप्पट घ्या. आणि हो, एसी चालेल का? हा प्रश्न सगळे विचारतात. छोटा एसी तासाला हजार वॉट-तास खातो, म्हणजे दिवसभराचं ऊन एका तासात फस्त. नाही चालत.

टपाबद्दल थोडं. शंभरच्या स्पीडला वारा दर चौरस मीटरला ४६-४७ किलोच्या जोराने दाबतो, म्हणजे २०० वॉटचं पॅनेल पुढून जरा उचललेलं राहिलं तर पन्नास किलोच्या आसपास जोर त्याच्यावर येऊ शकतो, आणि ते सुटलं तर मागच्या बाइकवाल्यावर जाणार. नुसत्या दुहेरी टेपवर विश्वास ठेवणारा फिटर नको. फायबरच्या टपाला आतून पत्र्याची पट्टी देऊन आरपार बोल्ट, किंवा पॉलियुरेथेनचं गाडीसाठीचं चिकट सीलंट आणि बोल्ट दोन्ही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते बाथरूमचं सिलिकॉन नको, पत्रा गंजवतं आणि वर्षाभरात सुटतं. पॅनेलच्या खाली इंचभर तरी हवा खेळली पाहिजे. वाकणारी पातळ पॅनेलं दिसायला छान, पण टपाला चिकटवली की तापून लवकर जातात, मी तरी घेणार नाही. वायर आत घ्यायचं भोक एकच, वर झाकण, आणि आत शिरायच्या आधी वायरीला खाली झोल द्यायचा म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा डबा ताब्यात घ्यायच्या आधी पाइपने अर्धा तास टपावर पाणी मारायला लावा आणि आत टॉर्च घेऊन बसा. फिटर कंटाळतो, कंटाळू दे.

लडाख-स्पितीचं वेड असेल तर अजून दोन गोष्टी विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, बीएमएसमध्ये थंडीचं कटऑफ आहे का? आणि थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. १०० वॉटच्या पॅनेलचं उघडं व्होल्टेज (काही न जोडता मोजलेलं) २२ धरलं तर तीन एकामागे एक जोडून ६६, उणे दहा डिग्रीला ते ७२-७३ होतं, आणि ७५ व्होल्टचा कंट्रोलर असेल तर जेमतेम वाचला. चार जोडणारा माणूस मुंबईतसुद्धा तुमचा कंट्रोलर उडवेल.

कायद्याचं पण बोलून टाकू, कारण "आरटीओ कुठे बघतो" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं कलम आलंय. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं स्टँडर्ड पण आहे, म्हणजे सरकारला ही गाडी माहीतच नाही असं नाही. तुमचा डबा आरसीवर कसा चढलाय ते फॅब्रिकेटरकडून कागदावर घ्या. पॅनेलचं वजन आणि उंची त्यातच धरलेली बरी.

इन्शुरन्सवाला मात्र नक्की बघतो, क्लेमच्या दिवशी. कंपनीने न लावलेल्या इलेक्ट्रिकल सामानासाठी पॉलिसीत वेगळी भर घालता येते, आयएमटी २४ म्हणतात, सामानाच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम. त्यासाठी बिल लागतं, पक्कं, जीएसटीवालं. आणि पॅनेलच्या २५ वर्षांच्या वॉरंटीवर फार उड्या मारू नका, बऱ्याच कंपन्या गाडी-बोटीसारख्या हलत्या जागेवर लावलेलं पॅनेल त्यातून वगळतात, कागद वाचून घ्या.

काम वाटून दिलंत की भांडण ठरलेलं, गळालं तर फॅब्रिकेटर म्हणणार वायरवाल्याने भोक पाडलं आणि वायरवाला म्हणणार डबाच वाकडा. म्हणून एक चित्र काढून घ्या, साध्या वहीच्या पानावर चालेल. पॅनेल, कंट्रोलर, बॅटरी, फ्यूज, इन्व्हर्टर, डीसी-डीसी, प्रत्येक वायरीवर तिची जाडी आणि लांबी, प्रत्येक फ्यूजवर त्याचे अँपिअर. भोक कोण पाडणार आणि कोण बुजवणार ते पण त्याच पानावर. हे चित्र ज्याला काढता येत नाही त्याला काम देऊ नका, मग तो कितीही ओळखीतला असो. स्वतः करायची खाज असेल तर १२ व्होल्टच्या लाइट, पंखा, यूएसबी एवढं स्वतः करा, मजा येते, पण बॅटरीपासून मेन फ्यूज आणि इन्व्हर्टरपर्यंतचं दुसऱ्याकडून घ्या, निदान तपासून तरी घ्या.

ताबा घेताना माणसाला तुमच्यासमोर सगळं एकदा बंद करून चालू करायला सांगा. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची आणि मग पॅनेल, काढताना उलट, आधी पॅनेल मग बॅटरी, बहुतेक कंट्रोलरच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. तो उलटं करायला लागला तर कळेलच. मग इन्व्हर्टरवर मोठा लोड लावून दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडावर हात ठेवून बघा, कुठे चटका बसला तर तो लग परत दाबायला लावा. पैसे सगळे देऊ नका, थोडे अडकवून ठेवा. एकदा कसारा नाहीतर माळशेज चढून-उतरून आलात की टपाचे बोल्ट आणि बॅटरीचे नट परत आवळावे लागतात, त्यासाठी तो येणार का आणि त्याचे वेगळे घेणार का हे पैसे द्यायच्या आधीच विचारून ठेवा, नंतर फोन लागत नाहीत.